शहाजोग हुंडी ते बनावट चलन : खान्देशातील पैसा, चाके आणि जबाबदारीचा इतिहास

(१)
गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक वाहनधारकांच्या व्हॉट्सॲपवर एकाच धाटणीचा संदेश येत आहे. 'आपल्या वाहनाने वाहतुकीचा नियम मोडला आहे, दंड प्रलंबित आहे, तपशिलासाठी सोबतची फाईल उघडा.' फाईलवर परिवहन खात्याचे बोधचिन्ह असते. प्रत्यक्षात ती 'एपीके' असते, म्हणजे मोबाईलमध्ये उतरणारे एक ॲप. ते उतरले की आलेले संदेश वाचण्याची मुभा भामट्याला मिळते. मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. तो परस्पर वाचला जातो आणि खाते रिकामे होते.

(२)
या एका संदेशात शासनाच्या दोन मोहिमा एकमेकींवर आदळल्या आहेत. रस्त्यावरील बेशिस्तीला आळा बसावा म्हणून ई-चलन आले, आणि त्या चलनाच्या भीतीवरच पैशाच्या फसवणुकीने आपले जाळे विणले. वरवर पाहता हे दोन निराळे विषय आहेत. एक सायबर पोलिसांचा, दुसरा वाहतूक शाखेचा. परंतु इतिहासात डोकावले तर दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : अनोळखी माणसाच्या कृत्याची जबाबदारी कोणावर टाकायची? खान्देशाच्या, म्हणजे आजच्या जळगाव आणि धुळे परिसराच्या, गेल्या दोनशे वर्षांतून या प्रश्नाचा माग काढण्याचा हा प्रयत्न.

(३)
आरंभ कायद्यापासून करू. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार केला. १८६० मध्ये ती संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या एका कलमाने आपल्या बोलीत कायमचे घर केले : ४२०, म्हणजे फसवून मालमत्ता काढून घेणे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याच संहितेत कलम २७९ होते : सार्वजनिक रस्त्यावर जीविताला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकणे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या वेळी भारतात मोटार नव्हती. बैलगाडी, टांगा, दमणी आणि घोडा हीच वाहने होती.

(४)
'चारशेवीस' हा शब्द शिवी झाला, सिनेमाचे नाव झाला. २७९ मात्र पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतच राहिले. समाजाने फसवणाऱ्याला नाव दिले, बेदरकार हाकणाऱ्याला दिले नाही. आपल्या अंगवळणी पडलेल्या वृत्तीची ती खूण आहे. पैसे लुबाडणारा आपल्याला गुन्हेगार वाटतो. वेगाने गाडी नेणारा फार तर 'पोरगं जरा उनाड आहे' एवढाच वाटतो. हे ध्यानात ठेवून संहितेच्याही मागे जाऊ.

(५)
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथील पहिला अधिकारी. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. प्रांत उद्ध्वस्त झाला होता, घाटवाटा असुरक्षित होत्या. सातपुडा आणि सातमाळ्याच्या खिंडींवर भिल्ल नाईकांचा वचक होता आणि वाटसरूंच्या रखवालीचे परंपरागत हक्कही त्यांच्याकडेच होते. लष्करी कारवाईने हा प्रश्न सुटला नाही. शेवटी नाईकांशी करार झाले, नेमणुका बांधल्या गेल्या आणि १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. रस्ता सुरक्षित ठेवायचा तर त्या रस्त्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याच्याशीच बोलावे लागते, हा धडा येथे सरकारने फार लवकर गिरवला.

(६)
गावपातळीवर हीच जबाबदारी जागल्याकडे असे. चोरी झाली की जागल्या पावलांचा किंवा चाकांचा माग काढी. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या जागल्याला तो दाखवून द्यायचा आणि त्याने पुढे न्यायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावावर आणि त्याच्या रखवालदारावर भरपाईचा बोजा येई. या पद्धतीत अन्यायही होता. बोजा बहुधा सर्वांत गरीब माणसाच्या, म्हणजे रखवालदाराच्या, शिरावर पडे. तरीही तिच्यात एक स्पष्टता होती : 'आमच्याकडून चोर पुढे गेला' एवढे म्हणून कोणालाही हात झटकता येत नसत. शिवेवर माग दाखवून द्यावाच लागे.

(७)
आता पैशाकडे येऊ. असुरक्षित वाटांवरून रोकड नेणे म्हणजे संकटाला निमंत्रण. म्हणून व्यापारी हुंडी वापरीत. एका पेठेतील सावकाराने दुसऱ्या पेठेतील आपल्या आडत्याला लिहिलेला तो आदेश : अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरावीक मुदतीने मिळायचे ती मुदती. खान्देशातील कापसाच्या पेठा अशाच कागदांनी मुंबईशी जोडलेल्या होत्या. रक्कम चुकती झालेली हुंडी म्हणजे खोखा. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत पेठ, तीही हरवली तर तिसरी परपेठ.

(८)
बनावटगिरी तेव्हाही होती, म्हणून कागदातच कुंपण घातलेले असे. रक्कम केवळ आकड्यात लिहून भागत नसे. 'रुपये एक हजार, ज्याचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे हजार' अशी ती फिरवून लिहिली जाई. एखादे शून्य वाढवले तर निमपट जुळत नसे. आजच्या भाषेत हीच पडताळणीची दुहेरी पायरी. शिवाय हुंडी लिहिल्याची सूचना आडत्याकडे स्वतंत्र पत्राने जाई. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या धनादेशांसाठी 'पॉझिटिव्ह पे' सुरू केले. त्यात धनादेश लिहिणारा त्याचा तपशील बँकेला आधीच कळवून ठेवतो. पेढीवरील जुन्या मुनिमाला त्यात नवल वाटले नसते.

(९)
परंतु हुंडीतील खरे संरक्षण आणखी वेगळे होते. पुष्कळ हुंड्या 'शहाजोग' असत. म्हणजे पैसे द्यायचे ते कोणाही उपटसुंभाला नव्हे, तर पेठेत पत असलेल्या शहालाच, प्रतिष्ठित सावकाराला. अनोळखी माणसाला हुंडी वटवायची असेल तर त्याने एखाद्या शहाला मध्ये घालावे. आणि पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर? तर त्या शहाने रक्कम व्याजासह परत करावी, नाही तर खऱ्या लबाडाला हजर करावे. हा पेढ्यांचा रिवाज न्यायालयांनीही मान्य केला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने आपल्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले.

(१०)
म्हणजे बुडीत कोणाच्या माथी? ज्याचे पैसे गेले त्याच्या नव्हे. ज्याच्या पतीवर विश्वास ठेवून पैसे दिले गेले, त्या मध्यस्थाच्या. म्हणून शहा डोळे उघडे ठेवी. समोरचा माणूस कोण, कोणाचा, कोणत्या गावचा, याची तो खातरजमा करी, कारण चूक झाली तर त्याचीच तिजोरी उघडायची होती. पुढे या शब्दाचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. आज मराठीत 'शहाजोग' म्हणजे आत एक आणि बाहेर एक असा, साळसूदपणाचा आव आणणारा माणूस. पतीचा शब्द ढोंगाचा झाला. पुढचा इतिहास वाचताना हा अर्थबदल जवळ ठेवावा.

(११)
१८६० च्या दशकात खान्देशात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या : आगगाडी आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेला कापसाचा भाव. भाव वाढला तशी भेसळही वाढली. कापसात सरकी, माती आणि पाणी मिसळून वजन वाढवणे, चांगल्या जातीच्या नावाखाली हलका माल खपवणे. १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील फसवणुकीविरुद्ध खास कायदा केला आणि निरीक्षक नेमले. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक टाकणे बंधनकारक झाले. लँकेशायरच्या गिरणीत गाठ फोडली आणि आत दगड निघाला, तरी तो कोणत्या प्रेसमधून आला हे सांगता यावे, हा हेतू. गाठीवरचा हा क्रमांक आणि मोटारीवरची पाटी ही एकाच विचाराची अपत्ये आहेत.

(१२)
शेतकऱ्याची फसवणूक मात्र गाठीत नव्हे, वहीत होत असे. हप्ता भरला तरी तो सावकाराच्या वहीत जमा धरला जात नसे. पावती मिळत नसे, आणि वाचता न येणाऱ्या कुणब्याचा अंगठा कोणत्या कागदावर उमटतो हे त्याला कळत नसे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत कर्जरोखे जाळण्यापर्यंत प्रकरण गेले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने तीन साध्या गोष्टी सांगितल्या : भरलेल्या पैशाची पावती द्या, दरसाल हिशेबाचा उतारा द्या, मागितल्यास पासबुक द्या. आरंभी तो चार जिल्ह्यांपुरता होता, नंतर त्याचा विस्तार झाला. भरणा झाल्याचा पुरावा देणाऱ्याच्या हाती असला पाहिजे, हे तत्त्व त्याने रुजवले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात ते पुन्हा आले आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमातही.

(१३)
१८८० पासून डाकखात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि सामान्य माणसाला सावकाराविना पैसे पाठवता येऊ लागले. पोस्टमन घरी येई, चेहरा ओळखे, सही किंवा अंगठा घेई आणि मगच रक्कम मोजे. शहाची भूमिका आता सरकारने घेतली होती. धनादेशाचा व्यवहार वाढला तेव्हा न वटणारे धनादेश हा नवा रोग आला. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले आणि धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरला. आज धुळे-जळगावच्या कोणत्याही न्यायालयाच्या कामकाजात हे कलम रोजचे आहे. प्रत्येक नव्या साधनामागून नवा भामटा येतो आणि त्याच्या मागून कायदा. कायद्याची गाडी नेहमी एक स्थानक मागे असते.

(१४)
आता चाकांकडे. मोटार आल्यावर बेदरकारपणाचे स्वरूपच बदलले. टांगेवाला गावचा असे. त्याला नावाने ओळखत आणि तो पळून जाऊन जाणार कुठे! मोटार मात्र धूळ उडवून क्षणात दिसेनाशी होई. म्हणून १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने वाहनाची नोंदणी आणि चालकाचा परवाना या दोन गोष्टी देशभर लागू केल्या. वेगाने पळणाऱ्या अनोळखी माणसाला ओळख देण्याची ही युक्ती होती. क्रमांकाची पाटी म्हणजे धातूवर लिहिलेले नाव, जे पाठमोरे जातानाही वाचता यावे.

(१५)
पण नाव कळले म्हणून मेलेल्याच्या घरची चूल पेटत नाही. चालक कंगाल असेल तर भरपाई देणार कोण? याचे उत्तर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आले. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. त्रयस्थाचा विमा नसेल तर वाहन रस्त्यावर आणता येणार नाही, असे त्याने ठरवले. पायी चालणाऱ्या माणसाने मोटार घेतलेली नसते, त्याने कोणताही करार केलेला नसतो. तरीही त्याच्या नुकसानीची तजवीज आधीच करून ठेवायची. भारतीय कायद्याच्या इतिहासातील हा एक शांत, पण फार मोठा टप्पा आहे. त्याकडे शेवटी परत येऊ.

(१६)
खान्देश हा रस्त्यांचा मुलूख. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरत-नागपूर मार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. कालचा क्रमांक तीन आणि सहा, आजचे ६०, ५२ आणि ५३. जळगावात महामार्ग शहराच्या मधून गेला आणि समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. त्यात मालावर बसलेले पंधरा मजूर गेले. मालवाहू गाडीत माणसे नेऊ नयेत हा नियम जुनाच आहे. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातील पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला. किमान दहा जीव गेले. नियम नव्हता म्हणून ही माणसे गेली, असे म्हणता येत नाही.

(१७)
वाहनाचा समाजविघातक वापर म्हणजे केवळ वेग नव्हे. धुळ्याच्या एमएच-१८ आणि जळगावच्या एमएच-१९ या पाट्या ज्यासाठी आल्या, ती ओळखच पुसण्याचा उद्योग गिरणा आणि तापीच्या पात्रांत चालतो. पाटी नसलेले ट्रॅक्टर, क्रमांकावर चिखल फासलेले डंपर, आणि रात्रीतून उपसली जाणारी वाळू. महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार अशा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि वाहन जप्त करता येते. २०१५ मध्ये तर राज्याने 'एमपीडीए' या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीला वाळूतस्करालाही आणून बसवले. नदीकाठच्या गावाने अडवावे, तलाठ्याने जाब विचारावा आणि डंपर अंगावर यावा, अशी वेळ आल्यावर कायदा इतका कठोर होतो.

(१८)
शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो : बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर, महाविद्यालयाच्या रस्त्यावरील शर्यती, अल्पवयीन मुलाच्या हाती दिलेली मोटार. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते ती वेगळीच. येथे कायद्याने पुन्हा जुनीच वाट धरली : ज्याच्या पतीवर गाडी रस्त्यावर आली, त्याला जबाबदार धरा. इंग्लंडनेही २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याच्या कलम ५९ मध्ये, लोकांना उपद्रव देणारे वाहन आधी ताकीद देऊन मग थेट जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. चालकाचा शोध पुढे घ्या, आधी चाक थांबवा, असा हा विचार.

(१९)
मे २०२४ मध्ये जळगाव तालुक्यातील रामदेववाडीजवळ मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील चौघे मरण पावले. अटका झाल्या त्या दोन आठवडे उलटून गेल्यावर, पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघाताने देश हादरल्यानंतर. न्यायालय काय ठरवेल तो त्याचा अधिकार आहे. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि तो गावच्या रस्त्यापर्यंत पोहोचणे यांतील अंतर त्या दिवसांनी मोजून दाखवले.

(२०)
१ जुलै २०२४ रोजी दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ४२० चे ३१८(४) झाले, २७९ चे २८१ झाले. बेदरकार हाकण्याची शिक्षा मात्र तीच राहिली : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. १८६० मध्ये हजार रुपये म्हणजे एका कुटुंबाला वर्षानुवर्षे पुरणारी रक्कम होती. आज तेवढ्यात मोटारीची अर्धी टाकीही भरत नाही. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६(२) हे उपकलम मात्र स्थगित आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध चालकांनी संप केला, मनमाडजवळील पानेवाडीच्या डेपोंतून इंधनाचे टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. जमावाच्या मारहाणीच्या भीतीने आम्ही पळतो, हे त्यांचे म्हणणेही पूर्णपणे खोटे नव्हते.

(२१)
पैशाच्या बाजूला २०१६ हे वळण. एप्रिलमध्ये यूपीआय आले, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि काही वर्षांतच चहाच्या टपरीपासून बाजार समितीपर्यंत चौकोनी कोड झळकू लागला. ज्या खान्देशात शिवेवर माग हरवला तर दोन गावांत भांडण लागे, तेथून आता पैसा एका मिनिटात चार राज्यांतील पाच खात्यांतून फिरून येऊ लागला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवण्याचे कलम ६६-ड त्यात २००८ च्या दुरुस्तीने आले. पण कलम लावायला आधी माणूस सापडावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत पैसा एटीएममधून निघून गेलेला असतो.

(२२)
म्हणून केंद्राने २०२१ मध्ये मदत क्रमांक सुरू केला. तोच आज १९३०. त्याची कार्यपद्धती पाहिली की जागल्याची आठवण व्हावी. तक्रार येताच पहिल्या बँकेला कळते. रक्कम तेथे असेल तर ती गोठवायची. पुढे गेली असेल तर कोणत्या खात्यात गेली ते नोंदवून पुढच्या बँकेच्या शिवेवर माग द्यायचा. तिने तो पुढे न्यायचा. जेथे पैसा सापडेल तेथे तो रोखायचा. पावसाने माग पुसला जाण्याआधी निघाले पाहिजे, एवढीच अट. म्हणूनच पहिल्या तासाला एवढे महत्त्व. फरक एका ठिकाणी आहे. ज्या गावात माग हरवे त्या गावाला जुनी पद्धत भरपाई मागे. ज्या बँकेत माग हरवतो तिला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

(२३)
माग बहुधा हरवतो तो भाड्याच्या खात्यात. कॉलेजातील मुलगा, मजूर किंवा कर्जात बुडालेला दुकानदार काही हजारांच्या मोबदल्यात आपले खाते, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतो. पोलीस दारात येतात ते त्याच्याच. शहा आपली पत देई आणि तिचे परिणाम भोगायला तयार असे. हा तरुण आपले नाव देतो आणि त्या नावाखाली काय चालले आहे ते विचारत नाही. शहाजोग शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र भेटतात : कागदावर पत असलेला, आत पोकळ. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने अशी खाती हुडकणारी संगणकीय प्रणाली विकसित केली आहे. पण प्रणालीच्या आधी घरातच पोराला सांगावे लागेल : खाते भाड्याने देणे म्हणजे पाटी काढून डंपर चालवायला देणे.

(२४)
आणि बुडीत कोणाच्या माथी? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाकडून अनधिकृत व्यवहार झाला आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही बोजा नाही. मात्र त्याने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. आजची बहुतेक फसवणूक नेमकी या दुसऱ्या प्रकारची आहे. भामटा कुलूप फोडत नाही, मालकाकडूनच दार उघडवून घेतो. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकरणांतही, ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा नसेल तर, ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक केली. पैसे पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांनी ती निम्मी-निम्मी सोसायची. नकळत त्यांनी शहाचाच रिवाज कायद्यात आणला.

(२५)
यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. भरपाईची हमी मिळाली तर लोक बेफिकीर होतील, खोट्या तक्रारी येतील, बँका तो खर्च सर्वांकडून वसूल करतील. सक्तीच्या विम्यालाही हाच आक्षेप घेता आला असता, की चालक बेफिकीर होतील. तरीही १९४६ पासून आपण तो स्वीकारला, कारण रस्त्यावरच्या माणसाचे मरण त्याच्या एकट्याचे दुर्दैव मानणे आपल्याला मान्य झाले नाही. चलनाच्या भीतीने फाईल उघडणारा यावलचा केळी उत्पादक आणि वाटेने चालताना धडक बसलेला साक्रीचा मजूर या दोघांनीही धोका निर्माण केलेला नाही. एकासाठी आपण आगाऊ तजवीज केली. दुसऱ्याला 'काळजी घ्यायची होती' एवढेच सांगतो.

(२६)
दोनशे वर्षांचा सारांश तीन शब्दांत सांगता येईल : ओळख, माग, भरपाई. मोटारीला आपण पाटी दिली, परवाना दिला, विमा दिला. त्यातील पाटी पुसली जाते आणि परवाना विकत मिळतो ही आपली लढाई. पैशाला आपण ओळख दिली, आता मागही दिला. तिसरी गोष्ट अजून यायची आहे. ती येईपर्यंत तीन साध्या सवयी : चलन फक्त परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासावे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता त्याच तासात १९३० ला कळवावे. जागल्याला उशिरा उठवले तर माग पुसला जातो, एवढे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

(थ्रेड समाप्त. घरातील ज्येष्ठांना आणि नुकतीच गाडी हाती आलेल्या मुलांना अवश्य वाचायला द्यावा.)